बोटीत किती माणसं?

साहित्य मंडळाने यंदाच्या ई-अंकासाठी 'सुट्टीतलं काम' असा विषय दिला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं. वर्गात मीच एकटी अशी होते जिने दोन सीझन बोटी भाड्याने देणाऱ्या खिडकीत बसून काढले होते. "तुझं काय, मज्जाच! नदी, बोटी, टुरिस्ट, डॉल्फिन!" असं मैत्रिणी म्हणाल्या. मज्जा होतीच. पण मला जे लिहायचं आहे ते मज्जेचं नाही. ते एका आकड्याबद्दल आहे.

आधी जागा सांगते. मांडवी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूला एक छोटी जेटी आहे. समोरच्या काठावर रेइश मागूशचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी चर्चचा पांढरा दर्शनी भाग दिसतो. जेटीच्या तोंडाशी पत्र्याची केबिन, केबिनला एक खिडकी, खिडकीत मी. माझ्यासमोर क्यूआर कोडचा स्टँड, गल्ल्याचा डबा, पावतीपुस्तक आणि दोन वह्या. पगार दिवसाला ५०० रुपये, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे दिवस. मालकांचं नाव मी लिहिणार नाही. ते वाईट माणूस नव्हते. कॉलेजची फी भरायच्या वेळी त्यांनी मला एकदा आगाऊ पैसेही दिले होते.

आमचं गाव मूळचं सावंतवाडीकडचं. मराठी शाळेत शिकलेली, रविवारचा मिस्सा कधी मराठीत तर कधी कोंकणीत ऐकलेली मी पुढे पप्पांच्या नोकरीमुळे पणजीत आले. इथे खूप जणांना आश्चर्य वाटतं, कॅथलिक मुलगी आणि मराठी साहित्य? मग मी त्यांना सांगते की फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने 'क्रिस्तपुराण' मराठीतच लिहिलं आणि ते १६१६ साली इथेच, राशोलला छापलं गेलं. म्हणजे मी काही नवीन करत नाहीये. पण खिडकीत बसल्यावर याच मराठीचा मला वेगळाच उपयोग झाला. कोल्हापूर, बेळगाव, सांगली, पुणे इथून आलेली कुटुंबं खिडकीशी हिंदीत सुरुवात करायची आणि मी मराठीत उत्तर दिलं की त्यांचे चेहरे एकदम सैल व्हायचे. "अगं बाई, तुम्ही आपल्याच!" मग भाव कमी करायचा आग्रह, मग गावाची चौकशी, मग बोट पक्की. मालकांना हे बरोबर कळलं होतं. मराठी गिऱ्हाईक आलं की ते मलाच पुढे करायचे.

प्रश्न ठरलेले असायचे. डॉल्फिन नक्की दिसेल ना? नाही दिसला तर पैसे परत का? बोट मी स्वतः चालवू का? लाइफ जॅकेट घातलंच पाहिजे का, फोटो चांगले येत नाहीत! पाण्याबद्दल मात्र कोणी विचारायचं नाही. पाणी म्हणजे त्यांच्या दृष्टीने जमिनीसारखंच, फक्त निळं.

मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पाणी मला शिकवलं आमच्या तांडेलकाकांनी. साठी ओलांडलेले, गळ्यात रोझरी, आणि त्यांच्या केबिनमधल्या कोपऱ्यात कालनिर्णय. मला वाटलं सण बघायला लावलंय. ते म्हणाले, "सण न्हय गो बाय, तिथी." मग हिशेब शिकवला. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, आला तो साधारण पूर्ण भरतीचा तास. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांच्या आसपास पूर्ण सुकती. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा चढतंही खूप आणि उतरतंही खूप. नदीच्या तोंडाशी वाळूचे पट्टे आहेत. एरवी ते दिसत नाहीत, पण उधाणाच्या सुकतीला काही पट्टे चक्क पाठ वर काढतात.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सकाळी पाणी गुळगुळीत असतं. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. त्याच वेळी सुकतीचं पाणी नदीतून बाहेर ओढ घेत असेल, तर वारा एका बाजूने आणि पाणी दुसऱ्या बाजूने अशी टक्कर होते आणि नदीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. खिडकीतून बघितलं तर काहीच वाटत नाही. छोट्या बोटीत बसलं की कळतं. तांडेलकाका अशा दुपारी तोंडाकडे जायचेच नाहीत. गिऱ्हाइकाला वर नदीत, खारफुटीच्या बाजूला फिरवून आणायचे आणि पक्षी दाखवायचे. गिऱ्हाईक खूश.

आता त्या दोन वह्या.

पहिली वही म्हणजे रजिस्टर. त्यात बोटीचा नंबर, निघाल्याची वेळ, परत येण्याची वेळ, कुटुंबप्रमुखाचं नाव, मोबाइल आणि 'प्रवासी संख्या' हा रकाना. बंदर कप्तान खात्याचं कोणी तपासायला आलं तर दाखवायची ती ही वही. आपल्याकडे नदी-खाडीतल्या बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा होता, तो जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. पण कायदा नवा असो की जुना, प्रत्येक बोटीवर किती माणसं न्यायची हे ठरलेलं असतं. आमच्या बोटींच्या कडेला रंगानेच लिहिलेलं होतं, 'प्रवासी ८'.

दुसरी वही लाइफ जॅकेटांची. ही कोणी तपासायला मागत नसे. ही मालकांनी घरच्या हिशेबासाठी ठेवली होती. किती जॅकेटं दिली, किती परत आली. एखादं कमी आलं तर त्याचे पैसे माझ्या पगारातून कापले जायचे.

कामाच्या दुसऱ्याच आठवड्यात नऊ जणांचं एक कुटुंब आलं. मी म्हटलं, दोन बोटी घ्याव्या लागतील. ते परत निघाले. तेवढ्यात आमचा सुपरवायझर पुढे आला, "अरे बसा बसा, एक तर लहान आहे." मग माझ्याकडे वळून हळूच, "लहान मुलं मोजायची नसतात. आठ लिही." मी आठ लिहिलं. पेन अडखळलं वगैरे असं काही झालं नाही. सोपं होतं ते. आणि जॅकेटांच्या वहीत नऊ लिहिलं, कारण जॅकेटं नऊ गेली होती.

पुढे ती सवयच झाली. नऊचे आठ, दहाचे आठ. गर्दीच्या दिवसांत तर मी विचारायचीही नाही.

आमच्या गावच्या फादरांनी एकदा प्रवचनात भाकरी आणि माशांच्या चमत्काराबद्दल सांगितलं होतं. पाच हजार लोक जेवले, आणि मत्तयाने त्यात स्पष्ट म्हटलंय की हे फक्त पुरुष, बायका-मुलं वेगळी. फादर हसून म्हणाले होते, "म्हणजे बघा, जेवले सगळे, पण मोजले काहीच." तेव्हा आम्ही मुलीही हसलो होतो. खिडकीत बसून 'लहान मुलं मोजायची नसतात' हे वाक्य रोज ऐकताना मला ते प्रवचन एकदाही आठवलं नाही. नंतर आठवलं. प्रवचनं तशी नंतरच आठवतात.

तो दिवस चैत्री पौर्णिमेचा, शनिवारचा. हनुमान जयंती होती आणि दुसऱ्या दिवशी आमचा झावळ्यांचा रविवार. ईस्टर पौर्णिमेवर ठरतो, म्हणून आमच्या पवित्र आठवड्याच्या आगेमागे नेहमी उधाण असतं, हेही मला तांडेलकाकांनीच सांगितलं होतं. ते स्वतः मात्र त्या दिवशी रजेवर होते, नातीचं बारसं होतं. बोटीवर नवा मुलगा होता. इंजिनाचा हात चांगला, पण पाण्याची वाचणी कच्ची.

पावणेचारला कोल्हापूरकडचं एक कुटुंब आलं. मोजले तर अकरा. एक आजी, दोन भाऊ, त्यांच्या बायका, त्यांचे मामा आणि पाच मुलं, त्यातली दोन अगदी लहान. दोन बोटींचा भाव त्यांना परवडणारा नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सुपरवायझर म्हणाला, "एकाच बोटीत करून देतो, दोनशे जास्त द्या." आजी खिडकीशी आल्या. जाड काठाचं नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू.

"पोरी, बोट बुडायची नाही न्हवं?"

"नाही हो आजी. काही काळजी करू नका. इथे सगळं लिहून ठेवतो आम्ही. हे बघा."

आणि मी त्यांना रजिस्टर दाखवलं. त्यांना वाचता येत होतं की नाही कोण जाणे. त्यांनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "मग झालं तर. आपली माणसं हायसा तुम्ही." त्या वहीत मी नुकतंच 'प्रवासी संख्या ८' लिहिलं होतं. जॅकेटांच्या वहीत ११. लहान मापाची जॅकेटं दोनच होती, म्हणून बाकी मुलांना मोठी दिली आणि पट्टे आवळून बांधले.

चार वाजता बोट गेली. पाचला परत यायला हवी होती.

सव्वापाचला मी फोन लावला. नवा मुलगा उचलत नव्हता. भरती सव्वाअकराची, म्हणजे पूर्ण सुकती साडेपाचच्या सुमाराला, हा हिशेब मी पहिल्यांदा भीतीने केला. वारा सुटलेला होताच. साडेपाचला दुसऱ्या बोटीवाल्याने येऊन सांगितलं, तोंडाकडच्या पट्ट्यावर बोट बसलीय, इंजिनाने वाळू ओढलीय, चालू होत नाही. लोक खाली उतरून वाळूवर फिरतायत, फोटो काढतायत.

सुपरवायझर म्हणाला, "पाणी चढलं की निघेल आपोआप." मी म्हटलं, "पाणी चढलं की लोक कुठे उभे राहणार?" तो गप्प झाला. मालक फोनवर नव्हते. मी जीवरक्षकांना फोन लावला.

तिकडून पहिला प्रश्न आला तो बोटीचा रंग नाही, नंबर नाही, मालकाचं नाव नाही. प्रश्न होता, "एकूण किती माणसं?"

रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं आणि त्यावर माझ्याच अक्षरात आठ लिहिलेलं होतं. सुपरवायझर खिडकीबाहेर उभा राहून हाताची आठ बोटं दाखवत होता. तुम्हाला वाटेल मी लगेच खरं बोलले. नाही. मी म्हटलं, "एक मिनिट हं." आणि त्या मिनिटात माझ्या डोक्यात काय चाललं होतं तेही लिहिते, नाहीतर या लेखाला अर्थ नाही. मी विचार केला, की बोट दिसतेच आहे, माणसंही दिसतीलच, जाऊन मोजतीलच ते. आठ सांगितलं तर काय बिघडतंय? फीचा दुसरा हप्ता मे महिन्यात भरायचा होता.

मग माझी नजर दुसऱ्या वहीवर गेली.

"अकरा," मी म्हटलं. "आणि बोट चालवणारा एक. बारा. त्यात पाच मुलं. आमच्या वहीत आठ लिहिलंय, पण बारा आहेत."

पुढचं मला जेटीवरून धूसरच दिसलं. नीट कळलं ते जीवरक्षक परत आल्यावर. ते पोचले तेव्हा बोटीत आणि बोटीजवळ मिळून मोठी माणसं, मुलं आणि चालवणारा धरून नऊ जण होते. आजी बोटीतच बसून होत्या. आठ प्रवासी आणि एक चालवणारा. म्हणजे माझं रजिस्टर आणि समोरचं दृश्य बरोब्बर जुळत होतं. आठ सांगितले असते तर मोजणी पूर्ण झाली असती. पण त्यांना बारा सांगितलेले होते, म्हणून त्यांनी बाकीचे तीन कुठे ते विचारलं. मामा दोन पोरांना घेऊन शिंपले बघायला पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला गेले होते. वाळूला मध्ये उंचवटा होता, त्यामागे ते दिसत नव्हते. मधल्या खोलगट भागात पाणी परत भरायला लागलं होतं. जीवरक्षक पोचले तेव्हा ते मामांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. मामांनी एका पोराला खांद्यावर घेतलं होतं आणि दुसऱ्याचा हात धरला होता. दोन्ही मुलांची जॅकेटं बोटीत काढून ठेवलेली होती, उकडतं म्हणून.

घरच्यांच्या लक्षात आलंच असतं की मामा नाहीत. हो, आलंच असतं. पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी. मी त्या दहा मिनिटांचा विचार अजूनही करते.

सूर्य बुडायच्या आत सगळे जेटीवर आले. कोणाला काही झालं नाही. मी जॅकेटं परत घेतली आणि मोजली. अकरा. आजींनी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "पोरीनं फोन केला म्हणून," असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मालक रात्री आले. ओरडले नाहीत. "फोन केलास ते बरोबर केलंस," म्हणाले. "पण वहीत आठ लिहिलंय हे सांगायची काय गरज होती?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या शनिवारपासून यायची गरज नाही, हे त्यांनी सुपरवायझरकडून कळवलं. त्या आठवड्याचे पैसे मात्र पूर्ण दिले.

घरी मी हे सगळं जेवताना सांगितलं. खरं सांगायचं तर थोडं कौतुक होईल अशी आशा होती. आमचे पप्पा बरीच वर्षं प्रवासी जहाजावर होते. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ साली जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, तो सोलास, त्याच्याबद्दल ते घरात असं बोलतात जसं इतर लोक क्रिकेटबद्दल बोलतात. प्रवासी जहाज बंदर सोडायच्या आधी जहाजावरचं प्रत्येक माणूस मोजलं गेलं पाहिजे, हा त्यातलाच नियम. कडेवरचं तान्हं बाळ असो, स्वयंपाकघरातला भांडी धुणारा असो, एक म्हणजे एक. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, त्या रात्री पप्पांनी टीव्ही बंद केला होता आणि कोणाशी बोलले नव्हते. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती. त्यानंतरही मी खिडकीत बसून नऊचे आठ करत होते. एकाच घरात राहून.

माझं सांगून झाल्यावर पप्पांनी शांतपणे विचारलं, "आजच्याआधी किती वेळा आठ लिहिलंस?"

"आठवत नाही."

"वेळा सोड. माणसं किती?"

मला खरंच माहीत नव्हतं. पण शोधून काढणं शक्य होतं. सोमवारी मी पैसे घ्यायला गेले, तेव्हा सुपरवायझर जेवायला गेला होता. दोन्ही वह्या तिथेच होत्या. मी केबिनच्या पायरीवर बसून डिसेंबरपासून एकेक ओळ लावली. जॅकेटांच्या वहीतला आकडा वजा रजिस्टरमधला आकडा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज करत गेले. जॅकेट हरवलं तर माझे पैसे जाणार होते, म्हणून जॅकेटं मी एक न चुकता खरी मोजली होती. माणसांची तशी काही अट नव्हती.

बेरीज झाली १३७.

इतकी माणसं माझ्या हातून नदीवर गेली आणि कुठल्याच कागदावर गेली नाहीत. बहुतेक लहान मुलं. ती परत आली म्हणून मला त्यांचे चेहरेही आठवत नाहीत. घरी जाऊन मी पप्पांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "सगळे परत आले ना?" मी हो म्हटलं. "मग आज झोपायच्या आधी त्याबद्दल आभार मान. त्यात तुझं काही कर्तृत्व नव्हतं." पप्पा एवढंच बोलले. कुमसाराला गेले तेव्हा फादर त्यापेक्षा बरेच मऊ बोलले, पण मला लक्षात राहिलं ते पप्पांचंच.

फीचा हप्ता आईच्या भिशीतून भरला. आता मी शनिवार-रविवारी शिकवण्या घेते. तांडेलकाका मध्ये एकदा बाजारात भेटले. त्यांनी विषय काढला नाही. फक्त म्हणाले की, नव्या मुलाला आता तिथीचा हिशेब शिकवलाय, आणि खिडकीत आता एक नवा पोरगा बसतो. "तो मोजतो का?" मी विचारलं. काका हसले. "बोटीत बसायच्या आधी आता हांव मोजतां. तुजी वही मागीर."

परवा आपल्या मंडळाची सहल निघाली तेव्हा बसमध्ये डोकी मोजायचं काम मॅडमनी माझ्याकडे दिलं. मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडलं, "अगं, सगळे आलेत, चल ना लवकर!" मी तरी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा एकोणचाळीस आले. मग खाली उतरून ड्रायव्हर आणि क्लीनरला धरून एक्केचाळीस लिहिले, आणि मग बस सुटली.